बिअर ताटापाशी, की चकण्यापाशी?

(बाळापूर इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत. बाकी भाषा वक्त्याची तशीच ठेवली आहे.)



विषयाची पाटी लागली तेव्हापासून मला फोन येतायत. एका काकाजींनी तर सकाळी सकाळीच विचारलं, "काहून बाप्पा, बोलाले दुसरं काही भेटलं नाही काय तुले?" (हशा) त्यांचा राग मला कळतो. हा गाडगेबाबांचा मुलूख आहे. बाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि लहानग्या डेबूला घेऊन आईला माहेरी, मूर्तिजापूरकडं दापुऱ्याला यावं लागलं. पुढं त्याच डेबूनं जन्मभर कीर्तनातून लोकांना दारूचा जाब विचारला. त्या मातीत उभं राहून मी इटलीतल्या बिअरवर बोलणार म्हणजे जरा धाडसच आहे.

पण कारण आहे. मी खाण्यावर लिहितो, चवीची समीक्षा करतो असं म्हणा. गेली दहा-बारा वर्षं पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांमधून एक वाक्य सारखं वाचतोय, की क्राफ्ट बिअर आता आपल्या खाद्यसंस्कृतीचा भाग झाली. आणि लगेच पुढं दाखला येतो तो इटलीचा. बघा, वाइनच्या देशात बिअरनं जेवणाच्या टेबलावर जागा मिळवली, आपल्याकडंही तेच होतंय. हे वाक्य मला तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पुण्या-मुंबईबद्दल ते खोटं आहे, आणि इटलीबद्दल अर्धं खरं आहे. पण ते अर्धं खरं जे आहे, ते बाळापुरात बसून समजून घेण्यासारखं आहे.

आधी ज्यांनी कधी घेतली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. जव भिजवायचं, मोड आणायचे, भट्टीत वाळवायचं. हा झाला माल्ट. तो गरम पाण्यात घोळवला की गोड रस सुटतो. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि वायू तयार करतं. कारखान्यातली बिअर मग गाळून, तापवून, महिनोन्‌महिने टिकेल अशी करतात. क्राफ्टवाला लहान प्रमाणात करतो, बहुधा गाळत नाही, तापवत नाही. दुधाच्या पिशवीत आणि दारातल्या म्हशीच्या दुधात जो फरक, साधारण तसा.

आता इटली. १९९६ साली तिथं एकदम तीन-चार ठिकाणी लहान भट्ट्या लागल्या. मिलान शहरात लांब्राते, कोमोजवळ लुरागो मारिनोने या खेड्यात आगोस्तिनो आरिओलीची बिर्रिफिचिओ इतालियानो, आणि पिएमोंते प्रांतात, कुनेओ जिल्ह्यातल्या पिओत्सो नावाच्या छोट्या गावात तेओ मुस्सो यांची बालादिन. बालादिन आधी नुसता पब होता, १९८६ पासूनचा. हे सगळं कुठं घडतंय बघा. बारोलो नावाची जगातली नामांकित वाइन त्याच जिल्ह्यात होते. म्हणजे नागपुरात जाऊन कुणी सफरचंदाची बाग लावावी तसं हे!

आता या १९८६ सालापाशी मला थोडं थांबायचंय. पब निघाला त्याच वर्षी, त्याच कुनेओ जिल्ह्यातल्या नार्त्सोले या गावातून मिथेनॉल मिसळलेली स्वस्त वाइन बाजारात गेली. वीसहून जास्त माणसं दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. मिथेनॉल म्हणजे काय ते महाराष्ट्राला सांगायला नको. २०१५ च्या जून महिन्यात मालवणीला शंभरावर माणसं त्यानंच गेली. आणि तिसरी गोष्ट, तीही १९८६ चीच: रोमच्या स्पॅनिश स्टेप्सपाशी मॅकडोनाल्ड्सचं दुकान निघालं, त्याविरुद्ध निदर्शनं झाली, आणि त्यातून कार्लो पेत्रिनींची स्लो फूड चळवळ उभी राहिली. तिचं मुख्य ठाणं ब्रा, तेही कुनेओ जिल्ह्यातच. एकाच जिल्ह्यात विष, पब आणि चळवळ. योगायोग म्हणा. पण विषाच्या त्या वर्षानंतर इटलीत एक प्रश्न मोठ्यानं विचारला जाऊ लागला: हे केलं कुणी, कुठं केलं, कशाचं केलं? वाइनवाल्यांना त्याचं उत्तर बाटलीवर लिहावं लागलं. दहा वर्षांनी बिअरवाले आले, ते हे उत्तर हातात घेऊनच आले. आपल्याकडं मालवणीनंतर काय झालं? धरपकड झाली, काही निलंबनं झाली. पण पिणाऱ्यानं काय विचारावं, याची चर्चा मला कुठं ऐकू आली नाही. आपण दारूबद्दल दोनच क्रियापदं वापरतो, बंद करा किंवा चालू करा.

बरं, टेबलावर जागा मिळवली म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? मुस्सो यांनी बिअर पाऊण लिटरच्या बाटलीत भरली, वाइनच्या बाटलीसारख्या. हे फार धूर्त काम होतं. पाऊण लिटरची बाटली एकट्यानं तोंडाला लावत नाहीत, ती मध्ये ठेवून चौघांत वाटून घेतात. मग लोरेन्झो दाबोवे नावाच्या जाणकाराबरोबर खास ग्लास घडवला, देठाचा, वर निमुळता, वास कोंडून ठेवणारा. या दाबोवेंना तिकडं सगळे कुआस्का म्हणतात. तेओ आणि कुआस्का मिळून त्या ग्लासाचं नाव तेकू. मग बाटल्या दारूच्या दुकानात न देता हॉटेलांत दिल्या, जिथं आचारी आणि वाढपी त्याबद्दल दोन शब्द बोलतील. म्हणजे पेय तेच, पण भांडं, माप आणि सोबत बदलली.

दुसरं केलं ते जिन्नसाचं. डोंगरात चेस्टनट पिकतात, गरिबाचं पीठ म्हणून खाल्ले जात होते. ते बिअरमध्ये आले. सार्डिनिया बेटावर निकोला पेर्रा यांच्या बार्ली या भट्टीनं कान्नोनाऊ द्राक्षाचा आटवलेला रस बिअरमध्ये घातला. पुढं बऱ्याच जणांनी द्राक्षं वापरली, आणि २०१५ मध्ये बिअरच्या परीक्षकांची जी अमेरिकी नियमावली आहे तिच्यात 'इटालियन ग्रेप एल' हा प्रकार नावानिशी नोंदला गेला. परंपरा नसलेल्या देशानं वीस वर्षांच्या आत स्वतःचा प्रकार जगाच्या वहीत चढवला. कसा? शेजारच्या मळ्यात काय आहे ते बघून.

आणि कायदा. २८ जुलै २०१६ च्या कायद्यानं 'बिर्रा आर्तिजानाले' म्हणजे कारागिरीची बिअर कशाला म्हणायचं ते ठरवलं: भट्टी स्वतंत्र हवी, वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरच्या, म्हणजे दोन कोटी लिटरच्या आत हवी, आणि बिअर पाश्चराइझ केलेली किंवा सूक्ष्म गाळणीतून काढलेली नको. हा शब्द मग कुणीही वापरू शकत नाही.

मी काही वर्षांपूर्वी कामानिमित्त आठ दिवस तुरिनला होतो. तिथल्या एका साध्या खानावळीत बिअरची यादी पाहिली. प्रत्येक नावापुढं गाव, धान्य आणि कोणत्या पदार्थाबरोबर घ्यावी ते लिहिलेलं. मला आपल्या बाजारात बोरी-अरब, दगडी अशा नावांनी ज्वारी विकायचे ते आठवलं. आता सोयाबीनला काय नाव असतं? ढेप. (हशा)

हे झालं कौतुक. अर्धं खरं म्हणालो ते कशासाठी? एक तर इटलीत बिअर टेबलावर नव्हतीच असं नाही. पिझ्झ्याबरोबर इटालियन माणूस आधीपासून साधी गार लागरच घेत आला आहे, वाइन नाही. क्राफ्टवाल्यांनी टेबल जिंकलं असं जे सांगतात, ते मुळात त्या साध्या टेबलावरून उठून महागड्या टेबलावर गेले. बाटलीची किंमत वाइनच्या जवळ जायला लागली. मग सांगायला गोष्ट लागते. गोष्टीसाठी मसाले लागतात. बालादिनच्याच नोरा नावाच्या बिअरमध्ये आलं आणि बोळ घालतात. बोळ म्हणजे आपल्याकडं बाळंतिणीला देतात तो! असलं वाचताना मला कधीकधी वाटतं, की आचाऱ्याचं काम गोष्ट सांगणाऱ्यानं पळवलं. आरिओली यांची टिपोपिल्स मला म्हणून जास्त मोठी वाटते. तिच्यात द्राक्ष नाही, चेस्टनट नाही. नेहमीची पिल्सनर आहे, फक्त हॉप्स नंतर थंड बिअरमध्ये पुन्हा भिजवले आहेत. साध्या वरणात शेवटी तूप-हिंगाची फोडणी वरून ओतावी, तेवढाच बदल. पण घासागणिक जीभ स्वच्छ करते. टेबलावरची बिअर अशी पाहिजे, जेवणाच्या आड न येणारी.

आणि दुसरं, ज्या २०१६ मध्ये कायदा झाला त्याच वर्षी, त्याच्या तीन महिने आधी, बिर्रा देल बोर्गो ही नावाजलेली भट्टी एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीनं विकत घेतली. म्हणजे शब्दाला कुंपण घालेपर्यंत एक बैल दावं सोडवून गेला होता.

आता आपल्याकडं या. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. या नावाची गंमत सांगतो. नाशिकजवळ देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट बघत तिथं महिनोन्‌महिने पडून असायचे. काम नाही, उकाडा, हिवताप, दारू. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत शब्द आला 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे नळ नव्हे हो, आपला ताप! देवळालीचा ताप. आपल्या गावाचं नाव साहेबाच्या तोंडून वाकडं होऊन, विलायतेची वारी करून, पाटीवर बसून परत आलं. महाराष्ट्रातल्या क्राफ्ट बिअरची सगळी कथा मला त्या पाटीत दिसते. तिथं पहिली बिअर करायला जर्मन कारागीर ऑलिव्हर शाउफ आले, कौशल्य उत्तम. पुढं २०१४ च्या सुमारास गेटवेवाल्यांनी चक्क डोंबिवलीत भट्टी घातली. २०१५ ला बिरा ९१ बाजारात आली, सुरुवातीला बेल्जियममध्ये बनून. नावातला ९१ मात्र भारताचा टेलिफोन कोड. बिअर चांगली होती का? होती. गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर, केळी-लवंगेचा वास असलेली, पुण्यात मी जी प्यायलो ती कुठंही उभी राहील अशी. कारागिरीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार जागेबद्दल आहे. पुण्यातल्या अशाच एका ठिकाणी मी मेन्यू मागितला. बिअरचे सहा प्रकार, प्रत्येकाचं सुंदर वर्णन. खायला? फ्राइज, नाचोज, चिकन विंग्ज, बर्गर, आणि 'देसी' म्हणून मसाला पापड. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, जेवताना यातली कोणती घेऊ? तो प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, जेवणाची ऑर्डर लोक शेवटी देतात. तेव्हा बिअर बंद करतात." मंडळी, हे एक वाक्य सगळ्या पुरवण्यांपेक्षा खरं आहे.

आपल्याकडं पिणं आणि जेवणं हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत. पिण्याला बैठक लागते, बैठकीला चकणा लागतो. शेंगदाणे, फुटाणे, शेव, कांदा-टमाटं, उकडलेलं अंडं. चकणा हा शब्दच बघा, त्यात भूक भागवणं नाही, जिभेला चाळवणं आहे. बैठक दोन-तीन तास. मग रात्री अकराला मटण, तेही तोपर्यंत जिभेला कळेनासं झालेलं. किंवा जेवणच नाही, घरी ताट झाकून ठेवलेलं. हे झाकलेलं ताट ज्या घरात आहे त्या घराला मी काय बोलतोय ते लगेच समजेल.

आणि ही सवय आकाशातून पडली नाही. आपला कायदा बघा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, अजून जिवंत आहे. कागदावर महाराष्ट्रात पिणारा प्रत्येक माणूस परवानाधारक असावा लागतो, आणि परवान्यावर लिहिलेलं असतं की हे आरोग्यासाठी हवं आहे. म्हणून आपल्या बारचं नाव परमिट रूम. पेशंटच म्हणा ना सगळे! (हशा) या परमिट रूमला काळी काच, मंद दिवा, आणि बाजूला वेगळ्या दारानं 'फॅमिली रूम'. कुटुंब जेवतं तिथं बाटली नाही, बाटली आहे तिथं कुटुंब नाही. ही भिंत आधी कायद्यानं घातली, मग आपण मनानं घातली. अकोला–खामगाव हायवेवरचे ढाबे तुम्हाला माहीत आहेत. हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं, तेव्हा काय चर्चा झाली? मीटर मोजायची. जेवणाबरोबर माणूस किती आणि कसं पितो, याची नाही.

त्यात बिअर कोणती? देशात विकली जाते त्यातली बहुतांश 'स्ट्राँग', सहा ते आठ टक्क्यांची. साडेसहाशे मिलीच्या बाटलीमागं पैसे मोजायचे तर चढणारीच घ्यावी, हा साधा हिशेब. अशी बिअर जेवणाबरोबर का बसत नाही याला शास्त्र आहे. आपल्या मिरचीची आग मद्यार्कानं वाढते, हॉप्सच्या कडवटपणानं आणखी टोचते, वायूचे बुडबुडे त्यात सुया घालतात. पाटवडीचा रस्सा आणि स्ट्राँग बिअर म्हणजे जखमेवर मीठ. माणूस ती आग शमवायला पुन्हा बिअरच पितो. मिरचीला शांत करतं ते थोडं गोड, थोडं आंबट, कमी मद्यार्काचं. म्हणून गव्हाची बिअर आपल्या जेवणाच्या त्यातल्या त्यात जवळ येते. जर्मनीत गोजे नावाची एक जुनी बिअर आहे, गव्हाची, आंबट, चक्क मीठ आणि धने घातलेली. वाचलं तेव्हा मी हसलो, म्हटलं ही तर मठ्ठ्याची चुलत बहीण.

क्राफ्टवाल्यांनी एक गोष्ट केली, ती मान्य केली पाहिजे. त्यांनी काळी काच काढली. उजेड आणला. बाया-पुरुष एकाच टेबलावर बसले, आणि पाच टक्क्यांच्या ग्लासावर माणूस समाधानी राहू शकतो हे दाखवलं. परमिट रूमच्या राज्यात ही छोटी गोष्ट नाही. पण त्या एका ग्लासाला आपल्याकडच्या शेतमजुराची जवळपास दिवसाची मजुरी लागते, आणि त्या टेबलावर महाराष्ट्रातलं जेवण नाही. इटलीकडून त्यांनी ग्लास घेतला, यादी घेतली, वर्णनाची भाषा घेतली. शेजारच्या मळ्यात बघायची सवय मात्र मला क्वचित दिसली. एखाद्यानं कोकम घातलं, एखाद्यानं आंबा. तेही चव म्हणून, वरून शिंपडल्यासारखं.

आणि शेजारच्या मळ्यात काय होतं? ज्वारी. दक्षिण आफ्रिकेत ज्वारी आणि मक्याला मोड आणून उम्कोम्बोथी करतात, दाट, आंबट, कमी मद्यार्काची. ती खाणं की पिणं हेच सांगता येत नाही. आपल्या राज्यात ज्वारी आणि दारू हे दोन शब्द एकत्र आले ते २००७ मध्ये, सरकारनं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा. त्यावर जो गदारोळ झाला तो योग्यच होता, मीही त्या बाजूनं होतो. भाकरीचं धान्य स्पिरिटच्या टाकीत जाणार, त्याला ना गाव, ना नाव, ना चव. पण त्या भांडणात एक गोष्ट हरवली. ज्वारी आंबवणं आपल्याला नवं नाही.

आंबील! भादव्यात महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या होतात, पुरणपोळी होते, आणि नैवेद्यात ज्वारीची आंबील असते. माझी मावशी याच गावात आदल्या रात्री पीठ भिजवून ठेवायची. सकाळी झाकण काढलं की स्वयंपाकघरभर आंबूस वास. मग ती शिजवायची. पीठ आंबवणारे ते जिवाणू वेगळे, बिअरचं यीस्ट वेगळं. शिवाय आंबील शिजते, त्यामुळं नशेचा प्रश्न नाही. मी आंबिलीला बिअर म्हणत नाहीये, उद्या माझ्या नावानं बोंब नको. (हशा) मी एवढंच म्हणतोय की धान्य आंबवून त्याला ताटात, तेही देवाच्या ताटात जागा कशी द्यायची, हे ज्यांना येतं असे लोक इथं आहेत. भांडं ठरलेलं, माप ठरलेलं, सोबतची भाजी ठरलेली, दिवस ठरलेला. इटलीवाल्यांनी बिअरसाठी जे वीस वर्षांत जमवलं ते सगळं आंबिलीपाशी आधीपासून आहे. आणि आपला क्राफ्टवाला शिकायला गेला तो म्युनिकला आणि ब्रुसेल्सला. जावं, जरूर जावं. येताना बाळापुरावरून यावं.

म्हणून 'खाद्यसंस्कृतीचा भाग' हे वाक्य मला पटत नाही. ताटातला पदार्थ दुसऱ्या पदार्थासाठी थोडा मागं सरकतो. चटणी सरकते, कढी सरकते. पुण्याच्या ग्लासातली बिअर अजून कुणासाठी सरकलेली नाही, ती एकटीच मध्यभागी बसली आहे. समीक्षक म्हणून मी तिला चांगलं पेय म्हणेन. जेवण म्हणणार नाही.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांपैकी एक बाई) सर, तुम्ही म्हणता ताटाजवळ बाटली आली तर माणूस कमी पितो. आमच्या गल्लीत ताटाजवळ बाटली आली ना, तर ताट भिरकावलं जाते. तिकडं बाईनं बाटली उचलून आत नेली तर काय होते?

ताई, ताटाजवळ आली की कमी पितो, असं मी म्हणालो नाही. पण माझ्या बोलण्यातून तसं वाटलं असेल तर तो माझा दोष. तिकडचं एक जेवण मी पाहिलं, तुरिनमध्ये, सहकाऱ्याच्या घरी. चौघांत एक बाटली होती. तिसरा भाग संपल्यावर त्याच्या आईनं बूच लावलं आणि बाटली आत नेली. कुणी वर बघितलंही नाही, बोलणं चालू राहिलं. बाटली कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न ग्लासाच्या आकाराच्या आधी येतो, हे तुमचं खरं आहे. आणि जिथं बाईच्या हाताला तो अधिकार नाही, तिथं टेबल, यादी, निमुळता ग्लास या माझ्या सगळ्या गोष्टी मी मागं घेतो. तिथं गाडगेबाबाच बरोबर.

(एक तरुण श्रोता) ज्वारीची बिअर खरंच होते का? चव कशी येते?

होते. पण जवाच्या माल्टात साखर सोडवणारं जे द्रव्य असतं ते ज्वारीच्या माल्टात कमी पडतं, आणि ज्वारीचा पिठूळपणा सुटायला पाणी जास्त तापवावं लागतं. तेवढं तापवलं की ते द्रव्यच मरतं. त्यामुळं दोन टप्प्यांत करावी लागते. आफ्रिकेतल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करतायत, पाठ्यपुस्तक न वाचता. चव किंचित आंबट, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी. गव्हातलं ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी परदेशात ज्वारीच्या बिअर मिळतात, त्यातल्या एक-दोन मी घेतल्यात, पातळ वाटल्या. तुम्ही विद्यार्थी दिसता. प्रयोग करायचा असेल तर ज्वारीला मोड आणून वाळवा, दळा, आणि त्या पिठाची आंबील करून बघा. गोडी जास्त येते. आणि तिला परमिट लागत नाही. (हशा)